अक्काची पट्टी उतरवताना

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत आपल्याला गिटार वाजवता येते असं माझं ठाम मत होतं. सत्तावीस वर्षं मी आमच्या गायन मंडळात साथीला बसत होतो. जयंत्या वाजवल्या, नामकरणं वाजवली, विहाराचे वर्धापनदिन वाजवले, आणि कुणी कधी तक्रार केली नाही. तक्रार करणार तरी कोण? पेटी आणि ढोलकीच्या मध्ये बसलेली गिटार लोकांना दिसते, ऐकू येतेच असं नाही. हे मला फार उशिरा कळलं.

खरं सांगायचं तर मला चार कॉर्ड येत होत्या, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या चार जुळण्या. जी, सी, डी आणि ई मायनर. हडपसरच्या कारखान्यात नवा लागलो होतो, तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत त्या शिकवल्या. पुढे तो नोकरी सोडून गेला आणि माझं संगीतशिक्षण तिथेच आटोपलं. चार कॉर्डवर माणूस किती वर्षं काढू शकतो याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

आमचं मंडळ बायकांचं. नऊ-दहा जणी मागे कोरसला, पुढे एक मुख्य गाणारी, आणि कडेला आम्ही तीन पुरुष. पेटी, ढोलकी, गिटार. मंडळ आमच्या आत्यानं सुरू केलं, गाणीही बरीचशी तिनंच बांधली, आणि पट्टीही तिनंच ठरवून दिली. पट्टी म्हणजे ‘सा’ कुठे धरायचा ती जागा. पेटीवाले ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून सांगतात. आमची काळी चार. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत बायकांचा आवाज खणखणीत गेला पाहिजे, म्हणून आत्यानं ती उंच ठेवली होती. गिटारच्या भाषेत काळी चार म्हणजे जी शार्प. मी आपला गिटारच्या मानेवर, पहिल्या घरात कॅपो लावायचो. कॅपो म्हणजे एक चिमटा, तो सगळ्या तारा एकदम दाबतो आणि सूर वर नेतो. चिमटा लावला की माझ्या चार कॉर्ड काळी चारमध्ये चपखल बसायच्या. चिमटा लावायचा, डोळे मिटायचे, वाजवायचं. सत्तावीस वर्षं हेच.

आत्यानं आणखी एक रीत घालून दिली होती, आणि ती तिनं तोंडानं कधी सांगितली नाही. साठी उलटल्यावर एका जयंतीला पहिल्याच गाण्यात, वरच्या ओळीवर तिचा आवाज फाटला. गाणं संपलं. आत्या उठली, पदर सारखा केला आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. तिच्या जागी माझी मोठी बहीण सरकली, अक्का, तेव्हा सव्वीस वर्षांची. आत्या त्यानंतर कधीही पुढे आली नाही. तेव्हापासून मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं की आवाज फाटला की आपलं आपण उठायचं. कुणी उठवायची वेळ येऊ द्यायची नाही.

अक्का महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. साठ पोरांचा वर्ग ती खडू न आपटता गप्प करायची, नुसत्या आवाजावर. आम्ही विश्रांतवाडीत एकाच इमारतीत राहतो, ती वरच्या मजल्यावर, मी खाली. ती स्वयंपाक करताना गुणगुणायची ते आमच्या मोरीच्या खिडकीतून ऐकू यायचं. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तिच्या थायरॉईडची गाठ काढली, आणि ते गुणगुणणं बंद झालं.

गाठ साधी निघाली. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. डॉक्टर म्हणाले, बोलायला काही अडचण येणार नाही, फक्त वरचा आवाज पूर्वीसारखा लागेलच असं सांगता येत नाही. अक्कानं मान डोलावली. शिक्षिका असल्यामुळे तिला मान डोलावून न ऐकणं चांगलं जमतं. घरी आल्यावर तीन आठवडे ती कुजबुजत बोलली, मग घोगरं बोलायला लागली, आणि डिसेंबरात एकदा स्वयंपाकघराचं दार लावून तिनं जयंतीचं पहिलं गाणं म्हणून पाहिलं. मी जिन्यात होतो. वरच्या ओळीला आवाज गेलाच नाही. नुसती हवा आली. दार उघडून बाहेर आली तेव्हा तिला मी दिसलो, आणि ती म्हणाली, एप्रिलपर्यंत येईल. मी म्हटलं, न यायला काय झालंय.

न यायला काय झालंय! असलं काहीतरी बोलून मोकळं व्हायची खोड मला लहानपणापासून आहे.

जानेवारीत ती माझ्याकडे सरावाला यायला लागली. रविवारी सकाळी नाष्टा झाला की अर्धा तास, घरातल्या घरात, मंडळाच्या तालमीला पुन्हा जाऊ लागण्याआधीची तयारी म्हणून. पहिल्या रविवारी मी चिमटा लावून काळी चार धरली आणि दुसऱ्या ओळीला ती थांबली. पुन्हा धरली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती. मला वाटलं, हिला जरा खाली गाऊ दिलं पाहिजे. पण खाली न्यायचं कसं? चिमटा सूर वर नेतो, आणि तो काढला तरी अर्धाच सूर खाली येतो. आणि चार कॉर्डच्या पलीकडे माझं गाव संपत होतं.

मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. पुढच्या रविवारी ती यायच्या आधी मी फोनवरचं सूर दाखवणारं ॲप लावलं आणि सहाच्या सहा तारा अर्ध्या सुरानं उतरवून ठेवल्या. चिमटा होता तिथेच ठेवला, कारण तो काढला असता तर तिला दिसलं असतं. बोटं तीच, चिमटा तोच, आणि सूर काळी चारचा नाही, पांढरी पाचचा. अक्का गायली. आधीपेक्षा एक ओळ पुढे गेली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अर्धा सूर. फेब्रुवारीच्या मध्याला मी तीन अर्धे सूर खाली आलो होतो. तारा इतक्या सैल की फरशीवर डबा ओढावा तशा खरखरायच्या. अक्कानं विचारलं, गिटारला काय झालंय? म्हटलं, तारा जुन्या झाल्यात, बदलायच्यात.

आणि अक्का गाणं पुरं म्हणायला लागली. वरच्या ओळीसकट. बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन टाळ्या वाजवल्या. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, आला की रे. मी तिच्याबरोबर हसलो. त्या क्षणी सांगायला हवं होतं, मला कळतही होतं. पण तिचा चेहरा बघून जीभ रेटेना, आणि खरं म्हणजे आतून मीही स्वतःवर खूश होतो. बहिणीवरची माया होतीच, पण तिच्यात माझा आळस बेमालूम मिसळलेला होता. तारा पिळायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या पट्टीतल्या कॉर्ड शिकायला महिने लागतात.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी अक्का मंडळाच्या तालमीला गेली. मला वाटलं होतं, अजून महिनाभर ती घरीच सराव करेल आणि तोवर मी काहीतरी सांगेन. तिनं मला न विचारताच पेटीवाल्या काकांना निरोप धाडला होता, की मी बरी झाले, पहिलं गाणं मीच म्हणणार, काळी चारमध्येच. मी विहारात पोचलो तेव्हा ती पुढे येऊन बसलीसुद्धा होती. नवी साडी. पेटीवर काळी चार सुरू होती, आणि पेटीला काही पिळायला तारा नसतात. मी गिटार काढली, तारा जागेवर आणल्या, चिमटा लावला.

पहिल्या ओळीलाच अक्कानं चमकून पेटीकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. वरच्या ओळीला आवाज फाटला, साफ, सगळ्यांसमोर. काकांनी भाता धरला. ढोलकी थांबली. अक्का उठली, पदर सारखा केला, आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. तिथल्या बायकांनी सरकून तिला जागा दिली. पुढच्या जागेवर अक्काच्या मागे दुसरा आवाज लावणारी मुलगी येऊन बसली. मुलगी म्हणजे तशी चाळिशीची, बँकेत आहे, गुणी आहे, तिचा काही दोष नाही. तिनं तेच गाणं पुन्हा धरलं. सुरेख म्हटलं.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून हात झटकता आले असते. रात्रभर मी तोच विचार करत होतो. अक्काला काही कळलेलं नव्हतं. तिला वाटत होतं की घरी आलेला आवाज लोकांसमोर पळून गेला. मी गप्प बसलो असतो तर ती जन्मभर स्वतःच्याच गळ्याला दोष देत बसली असती, आणि मी तिचा गुणी भाऊ राहिलो असतो. ते मला सहन होईना. सकाळी वर गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिमटा, ॲप, तारा, तीन अर्धे सूर.

ती मेथी निवडत होती. निवडत राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, “आवाज गेला तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. खाली गायचंय का, हे एकदा विचारायचं तरी होतंस मला.” मी तोंड उघडलं तेवढ्यात तिनं दार दाखवलं. बोटानं नाही, नुसत्या नजरेनं. साठ पोरं गप्प करणारी नजर ती.

त्या दिवसापासून तिचं माझ्याशी बोलणं बंद. माझ्या बायकोशी बोलायची, जिन्यात मी दिसलो की भिंतीकडे बघून जायची. बायको म्हणाली, अहो, माफी मागा. मागितली होती. माफीनं काय होणार होतं? मी तिचा आवाज चोरट्यासारखा खाली नेला होता. तो उजेडात, तिच्या डोळ्यांदेखत, ती म्हणेल त्या पट्टीत नेता आला पाहिजे, एवढंच मला कळत होतं. हट्टाला पेटलो. जयंतीला सात आठवडे होते.

विश्रांतवाडीतल्या दोन गिटार क्लासवाल्यांनी मला पाहून, मुलाचं नाव घालायचंय का, असं विचारलं. शेवटी कारखान्यातल्या एकानं कोथरूडची एक शिक्षिका सुचवली, चोवीस-पंचवीस वर्षांची, घरीच शिकवणारी. दर रविवारी पाठीवर गिटार अडकवून मी स्कूटरवरून शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचो. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, मला सगळ्या पट्ट्या शिकायच्यात, सात आठवड्यांत. तिनं माझ्या चार कॉर्ड ऐकल्या. मग चिमटा मागून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

“काका, तुम्ही कॉर्डची नावं पाठ केलीत,” ती म्हणाली. “नावं विसरा. नंबर लक्षात ठेवा.”

जी ही एक नंबरची कॉर्ड, सी चार नंबरची, डी पाच नंबरची, ई मायनर सहा नंबरची. गाणं नंबरांवर चालतं, नावांवर नाही. एक कुठे धरायचा ते ठरलं की चार, पाच आणि सहा आपोआप ठरतात. डी वर एक धरला तर चार म्हणजे जी, पाच म्हणजे ए, सहा म्हणजे बी मायनर. गाणं तेच, घर बदललं. तिनं हे पाच मिनिटांत सांगितलं आणि मी येरवड्यापर्यंत तेच पुटपुटत आलो. सिग्नलला एका बाईनं माझ्याकडे पाहून आपली गाडी थोडी लांब घेतली.

पण डोक्यात शिरणं आणि बोटांत उतरणं यात फार अंतर आहे. वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवायचं तर पहिल्या बोटानं सहाही तारा आडव्या दाबायला शिकावं लागतं, चिमट्याचं काम बोटानं करायचं. दोन आठवडे एफ कॉर्डमधून नुसता धप्प असा आवाज यायचा. कंपनीची बस सव्वासातला, म्हणून मी सव्वापाचला गच्चीवर जायचो. आठवड्याभरात गच्चीच्या दाराला सुवाच्य अक्षरात सूचना लागली, ‘पहाटे गच्चीवर संगीत शिकू नये. आल्यावर वाजवावे.’ मी टाकीच्या पलीकडे सरकलो आणि चालू ठेवलं. बोटाच्या कडेला घट्टे पडले. कारखान्यात मायक्रोमीटर धरताना दुखायचं, पण ते दुखणं मला बरं वाटायचं, निदान काहीतरी फेडतोय असं.

एका वहीच्या पानावर मी बारा ओळी आखल्या. बारा पट्ट्या, प्रत्येकीच्या एक, चार, पाच, सहा. दोन दिवस खपून तक्ता पुरा केला आणि छाती फुगवून वाजवायला बसलो, तर दोन ओळींत काहीतरी बेसूर लागत होतं. कुठे चुकतंय कळेना. शेवटी तक्ता घेऊन पेटीवाल्या काकांकडे गेलो. काका सत्तरीचे, आत्याच्या वेळेपासूनचे, आणि माझ्या गिटारविषयी त्यांचं मत ते कधी लपवत नसत. तक्ता बघून त्यांनी विचारलं, हे कशाला? म्हटलं, कुतूहल. एक्कावन्नाव्या वर्षी? ते म्हणाले, आणि पेटी उघडली.

त्यांनी माझं बोट धरून पांढऱ्या तीनवर ठेवलं आणि म्हणाले, पुढची काळी दाखवा. तिथे काळी नव्हतीच. तीन आणि चार या दोन पांढऱ्यांमध्ये काळी नसते, सात आणि वरची एक यांच्यातही नसते. गिटारवर सगळी घरं सारखी दिसतात, म्हणून मी अक्षरं मोजत गेलो होतो, आणि ई-एफच्या मध्ये एक नसलेलं घर धरून बसलो होतो. सत्तावीस वर्षं पेटीच्या शेजारी बसलो, पण तिच्याकडे एकदा नीट पाहिलं नव्हतं. मग मी त्यांना कोथरूडच्या शिक्षिकेचं ते एक, चार, पाच, सहा सांगितलं. काकांनी ‘सा’ दाबून धरला, त्यावर म, मग प, मग ध वाजवला आणि म्हणाले, हेच ना? कोथरूडच्या पोरीनं नवीन काय सांगितलं? खरंच तेच होतं. सा जिथे बसेल तिथे म, प आणि ध त्याच्या मागोमाग बसतात, आणि माझे नंबर त्याच घरांवर बसले होते. हे मला आयुष्यभर ऐकू येत होतं आणि कळलं मात्र त्या दिवशी. मी खुळ्यासारखा हसत सुटलो. काका म्हणाले, चहा घ्या आणि जा.

त्यानंतर बोटं सुधारली. सफाई म्हणाल तर नाही, पण कुठलीही पट्टी सांगा, मी तिथे पोचायचो. पाचव्या आठवड्यात बायको स्वयंपाकघरातून मध्येच ओरडायची, काळी दोन, आणि मी घर बदलायचो. सहाव्या आठवड्यात गिटार घेऊन मी वर गेलो. अक्कानं दार उघडलं आणि तसंच उघडं टाकून आत गेली. मी त्याला होकार धरला.

मी म्हटलं, “तू पट्टी सांग. कुठलीही. तारा जागेवर आहेत, चिमटा नाही. बघून घे.”

ती खरंच उठून आली आणि गिटारची मान बघून गेली. मग खाली बसली, पुढ्यात तांदळाचं ताट ओढलं आणि खडे निवडता निवडता म्हणाली, पांढरी दोन. मी वाजवलं. काळी पाच. वाजवलं. पांढरी सात. तिथे सहा नंबरला बोट अडखळलं. ती थांबली, मी पुन्हा केलं, बरोबर आलं. शाळेत पाढे घ्यावेत तशी ती वर्गातल्या आवाजात पट्ट्या विचारत होती. एकदाही छान म्हणाली नाही. तांदूळ संपले. ताट बाजूला सरकवून ती म्हणाली, पांढरी सहापासून सुरू कर आणि मी थांब म्हणेपर्यंत अर्ध्या अर्ध्या सुरानं खाली ये.

पांढरी सहाला तिचा आवाज निघालाच नाही. काळी चारला फाटला. पांढरी पाचला ताणला. काळी तीनला लागला, पण तिला तो आवडला नाही. पांढरी चारला ती गाणं पुरं म्हणाली. पहिल्यांदाच मी डोळे उघडे ठेवून तिचं गाणं ऐकत होतो. तो जुना खणखणीत आवाज नव्हता. जाड होता, जरा खरबरीत होता, आणि थेट छातीत उतरत होता. ती म्हणाली, इथेच. ही माझी.

मी लगेच म्हटलं, उद्या काकांना सांगतो, मंडळालाही सांगतो, जयंतीला पट्टी बदलू. तिनं हात वर केला. “माझ्या वतीनं आता काहीही करायचं नाहीस. समजलं?” समजलं. मग मी एवढंच विचारलं, की तू सांगशील का? ती म्हणाली, आत्याच्या पट्टीत आजवर कुणी हात घातला नाही, आणि फाटल्यावर उठून गेलेली बाई परत पुढे आलेली नाही. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उरलेल्या दोन तालमींना ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिली. मी तोंड शिवून बसलो. माझ्यासारख्याला ते एफ दाबण्यापेक्षा अवघड गेलं.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोरचा मंडप भरला होता. पुढे मुलं, मध्ये बायका, कडेनं उभे पुरुष, बाहेर आळंदी रस्त्याचे हॉर्न. वंदना झाली. काकांनी काळी चार धरली आणि बँकेतली ती पुढच्या माइकसमोर बसली. मी चौथ्या घरात आडवं बोट ठेवून बसलो होतो. चिमटा अजून त्या शिक्षिकेच्या ड्रॉवरमध्येच होता.

मागे हालचाल झाली. अक्का उठली होती. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती पुढे आली, बँकेतल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, पहिलं मी म्हणते, पुढची सगळी तू म्हण. ती मुलगी एका शब्दानं न विचारता बाजूला सरकली. मग अक्का काकांकडे वळली. “पांढरी चार धरा.” काकांचं बोट काळ्या पट्टीवर तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्यांना तेव्हा माझं कुतूहल कळलं असावं. कोरसमधली एक म्हणाली, अक्का, इतकं खाली आम्हाला नाही जमायचं.

“मग टाळ्या वाजव,” अक्का म्हणाली. “त्याला पट्टी लागत नाही.”

काकांचं बोट सरकलं. पांढरी चार. मी एफ धरला आणि तो वाजला, धप्प नाही, स्वच्छ. अक्कानं गाणं उचललं. मंडपात कुजबूज झाली, कारण लोकांना तो आवाज ओळखीचा वाटत नव्हता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, कोरस खाली चाचपडत का होईना पण येत होता. तिसऱ्या कडव्यात वरची ओळ आली. माझ्यासमोर घरी दहा वेळा लागली होती ती ओळ. पण घरी एवढी माणसं नव्हती, आणि दोन कडव्यांनी गळा दमला होता. आवाज फाटला. माइकवर, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा.

ढोलकी चालू होती, बाकी सगळं थांबलं. मागच्या रांगेत बायका सरकल्या आणि अक्काला बसता येईल एवढी जागा झाली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. मला वाटलं, संपलं. आता उठेल. तिचा हात पदराकडे गेलेला मला दिसला.

तिनं पदरानं ओठ पुसले. मग मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पांढरी तीन.”

डोकं विचार करायच्या आत बोटं मागे आली. ई, ए, बी, सी शार्प मायनर. काकाही तिथे पोचले, माझ्या अर्धी मात्रा मागून. अक्कानं तेच कडवं पहिल्या ओळीपासून परत धरलं, वरची ओळ घेतली, पुरी केली, आणि पुढे गात राहिली. मागच्या रांगेत तिच्यासाठी केलेली जागा कार्यक्रम संपेपर्यंत रिकामी होती.